खारी जमीन आणि सोशीक पीक

शेतकी हा विषय शेतकऱ्यांवर सोंपवून पांढरपेशांनीं व व्यापाऱ्यांनीं मोकळें व्हावें, अशी आपल्याकडे रूढि पडून गेली आहे. पीक आलें तर अडतीवर भाव पुकारावा, न आलें तर पावसास बोल लावावा, यापलीकडे जमिनीशीं आपला संबंध तो काय, असा प्रश्न सुशिक्षित म्हणविणारे गृहस्थही निःशंकपणें विचारतात. देवरी हें धानाच्या मुलखांतलें गांव आहे. येथील कापडाचें दुकान, सोनाराची पेढी आणि धानाची गिरणी हीं सर्व शेवटीं बांधींतल्या चिखलावर उभीं आहेत. तेव्हां जमीन कां बिघडते, बिघडलेल्या जमिनींत पीक कसें तग धरतें, आणि त्यांत आपला स्वतःचा हात किती, हें समजून घेणें केवळ नांगर धरणाऱ्याचेंच कर्तव्य नव्हे. आज आम्हीं जमिनीच्या खारेपणाचा विषय हातीं घेतला आहे तो याच हेतूनें.

यावर कोणी लगेच म्हणेल कीं, देवरीस खारी जमीन आहे कोठें? आक्षेप खरा आहे. येथें वर्षास बाराशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जमिनींत जे क्षार सुटतात ते दरसाल त्या पाण्याबरोबर नाल्यांतून बाघ नदीस व पुढें वैनगंगेस जाऊन मिळतात. ज्या रोगानें आपल्याच प्रांतांतील लाखों एकर भूमि ग्रासली आहे, त्यापासून निसर्गानें आपणांस बहुतांशीं वांचविलें आहे. परंतु ज्याच्या घरीं दुखणें नाहीं त्यानें वैद्यकाचें नांव काढूं नये, हा न्याय शहाणपणाचा नव्हे. शिवाय ज्या पिकावर आपण जगतों तें धानच या खारेपणाशीं चाललेल्या झगड्यांत पुढें उभें आहे; आणि त्या झगड्याचा निकाल शेतांत जितका लागतो तितकाच बाजारांतही लागतो, हें पुढें दिसून येईल.

प्रथम या प्रश्नाचा आकार ध्यानांत घ्यावा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें पृथ्वीवरील सुमारें १३८ कोटि हेक्टर जमीन क्षारग्रस्त आहे. म्हणजे एकंदर जमिनीच्या दहा टक्क्यांहून अधिक. कर्नाळ येथें १९६९ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या अंदाजानें अशी जमीन भारतांत सुमारें ६७ लाख हेक्टर, आणि एकट्या महाराष्ट्रांत सुमारें ६ लाख हेक्टर आहे. आपल्या प्रांतांत हा खारेपणा तीन वाटांनीं आला. कोंकणांत तो समुद्रानें आणला. वऱ्हाडांत पूर्णेच्या खोऱ्यांत तो भूमीच्या पोटांतच होता. आणि निरा-कृष्णेच्या कांठीं तो माणसानें आपल्या हातांनीं ओढवून घेतला. या तिहींचा विचार क्रमानें करूं. पण त्यापूर्वीं मीठ पिकास काय करतें आणि पीक त्यास काय उत्तर देतें, हें पाहिलें पाहिजे.

कापलेल्या काकडीवर मीठ टाकलें म्हणजे थोड्या वेळानें तिला पाणी सुटतें, हें घरांतली प्रत्येक बाई जाणते. जिकडे मीठ अधिक तिकडे पाणी ओढलें जातें, हा त्यांतला नियम. झाडाचें मूळ जमिनींतून पाणी पितें तें याच नियमाच्या आधारानें. कारण मुळांतील रस भोंवतालच्या पाण्याहून अधिक दाट असतो. जमिनींतलें पाणी खारें झालें कीं हा हिशेब उलटतो. शेत ओलें दिसतें, पाय चिखलांत रुततात, आणि तरीही रोप तहानेनें सुकतें. हा मिठाचा पहिला घाव. दुसरा घाव विषाचा आहे. मिठांतील सोडियम हा द्रव्यगुणानें पोटॅशियमचा जवळचा नातलग. आणि पोटॅशियमवांचून पानांतल्या पेशींचें काम चालत नाहीं. सोडियम आंत शिरला म्हणजे तो पोटॅशियमची जागा अडवितो, पण त्याचें काम कांहीं करीत नाहीं. पानाचें टोंक करपतें, मग कड करपते, मग सबंध पान वाळतें. पहिला घाव तात्काळ लागतो. दुसरा आठवड्यामागून आठवडे मुरत जातो.

आतां पिकाचें उत्तर पाहा. झाडास पाय नाहींत. जेथें रुजलें तेथेंच त्यास निभावून नेलें पाहिजे. त्याचा पहिला उपाय दारावरच्या पहाऱ्याचा. मुळांतील पेशी आंत आलेला सोडियम पंपानें पाणी उपसावें तसा बाहेर लोटतात. जो त्यांतूनही निसटतो आणि वर चढणाऱ्या रसांत मिसळतो, त्याला रसवाहिनीच्या कडेच्या पेशी परत ओढून घेतात, म्हणजे तो पानापर्यंत पोंचत नाहीं. दुसरा उपाय कोठाराचा. पेशीच्या मध्यभागीं रसानें भरलेली एक पिशवी असते. सोशीक झाड सोडियम त्या पिशवींत कोंडून ठेवतें, म्हणजे कामाची जागा निर्मळ राहते. त्या कोंडलेल्या मिठाच्या ओढीनें कामाच्या जागेंतलें पाणी सरूं नये, म्हणून पेशी प्रोलिनसारखीं निरुपद्रवी द्रव्यें स्वतः तयार करते आणि दोहोंकडील तोल राखते. तिसरा उपाय त्यागाचा. मीठ जुन्या पानांत साठूं द्यावें, तीं वाळूं द्यावींत, आणि कोंवळीं पानें व कणीस वांचवावें. खाडीकांठचें तिवर याहून पुढें जातें. तें पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतें, आणि उन्हांत त्याच्या पानांवर मिठाचे कण चमकतांना दिसतात. धानास ही शेवटची विद्या साधलेली नाहीं.

एवढें सामर्थ्य फुकट मिळत नाहीं, ही गोष्ट मात्र येथेंच सांगून ठेवली पाहिजे. मीठ बाहेर लोटण्यास, पिशवींत कोंडण्यास व नवीं द्रव्यें घडविण्यास झाडाला शक्ति खर्च करावी लागते. आणि जी शक्ति पहाऱ्यावर गेली ती दाणा भरण्यास उरत नाहीं. सोशीक वाण खाऱ्या जमिनींत पिकतो याचा अर्थ तो तेथें गोड्या जमिनीइतका पिकतो असा नव्हे. इतर वाण जेथें मरतात तेथें तो कांहीं देतो, इतकाच आहे.

सर्व पिकें सारखीं सोशीक नाहींत. जमिनींतील ओलाव्यांत क्षार किती, हें त्या पाण्याच्या वीज वाहून नेण्याच्या शक्तीवरून मोजतात. त्या मापास डेसिसायमन म्हणतात, आणि तें दर मीटरास ४ च्या वर गेलें कीं जमीन खारवट समजतात. १९७७ सालीं मास व हॉफमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं निरनिराळीं पिकें किती मापापर्यंत नुकसान न होतां टिकतात याचें कोष्टक मांडलें, तें आजही प्रमाण मानतात. त्यांत जव ८ पर्यंत, कापूस ७.७, ज्वारी ६.८ व गहूं ६ पर्यंत टिकतो. धानाची मर्यादा अवघी ३, उंसाची १.७, कांद्याची १.२ आणि घेवड्याची १. धानाची ती मर्यादा ओलांडल्यावर माप एकानें वाढलें कीं उत्पन्न सुमारें बारा टक्क्यांनीं घटतें. या आंकड्यांवरून वाचकांस दोन गोष्टींचें नवल वाटेल. एक, इतकें नाजूक धान समुद्रकांठच्या खाजणांत पिढ्यान् पिढ्या कसें पिकत आलें? आणि दुसरी, उंसासारखें त्याहूनही नाजूक पीक घेणाऱ्यांनींच आपली जमीन खारी कशी करून घेतली? या दोन प्रश्नांचीं उत्तरें म्हणजेच आमच्या लेखाचा गाभा होय.

पहिल्याचें उत्तर कोंकणांत मिळतें. ठाणें व रायगड जिल्ह्यांपासून दक्षिणेस गोव्यापर्यंत खाडीच्या तोंडाशीं मातीचे बांध घालून समुद्राची भरती अडविली आहे. त्या बांधांस उघाडी म्हणजे झडपेचें दार असतें. ओहोटीस आंतलें पाणी बाहेर जातें, भरतीस बाहेरचें पाणी आंत येत नाहीं. उन्हाळ्यांत या जमिनींवर मिठाची पांढरी खपली चढते. मृगाचा व आर्द्रांचा पाऊस ती विरघळवून खालीं व बाहेर नेतो. शेतांत उभें राहिलेलें गोडें पाणी उरलेलें मीठ दाबून धरतें. आणि तेवढ्या अवधींत धान आपला संसार उरकून घेतें. धानाची प्रकृति अशी कीं, मोड येतांना व फुटवे फुटतांना तें खारेपणा बरा सोसतें, पण कोंवळ्या रोपपणीं आणि फुलोऱ्याच्या वेळीं फार नाजूक असतें. हें कोष्टक कोणी छापण्यापूर्वींच खारवट जमिनीच्या शेतकऱ्यास ठाऊक होतें. म्हणून तो रोपवाटिका वरच्या गोड्या जमिनींत करतो, रोप जरा जून होऊं देऊन मग लावतो, एका चुडांत रोपें अधिक धरतो. आणि पाऊस ओसरून खालचें मीठ पुन्हां वर चढण्यापूर्वीं पीक हातीं यावें म्हणून लवकर पिकणारे वाण पसंत करतो.

या शेतकऱ्यानें जें बीं जतन केलें त्याची योग्यता आपण ओळखली नाहीं. कोंकणांत भुरा राता व काळा राता, गोव्याच्या खाजणांत कोरगुट, केरळांत पोक्कळी, बंगालच्या खाऱ्या किनाऱ्यावर नोना बोकरा, हीं धानाचीं सोशीक घराणीं आहेत. त्यांची ताटें बहुधा उंच, वाढ जोरदार. अंग मोठें म्हणून शिरलेलें मीठ पसरून सौम्य होतें. यांपैकीं राता व पोक्कळी यांचा तांदूळ तांबडा. कोणत्याही सरकारी क्षेत्रावर हे वाण निर्माण झालेले नाहीत. ज्या शेतांत बाकीचें सर्व वाळलें त्यांत जीं कणसें उभीं राहिलीं तीं वेगळीं काढून, पुढल्या सालासाठीं मडक्यांत व कणगींत राखून, पिढ्यांमागून पिढ्या केलेल्या निवडीचें हें फळ आहे. आणि हें बियाणें निवडण्याचें व राखण्याचें काम मुख्यतः घरच्या बायांनीं केलें आहे, याचा उल्लेख आमचे विद्वान सहसा करीत नाहींत म्हणून येथें मुद्दाम करतों.

आधुनिक शास्त्र याच बियांपाशीं शिकावयास आलें. नोना बोकरांत सोडियम रसवाहिनींतून परत ओढून घेणारें जें जनुक आहे, तें चिनी शास्त्रज्ञांनीं २००५ सालीं निश्चित केलें. पोक्कळींतील असाच एक वारसा ‘साल्टोल’ या नांवानें जगभरच्या पैदासकारांस परिचित आहे, आणि तो अधिक पिकणाऱ्या वाणांत उतरविण्याचें काम अनेक देशांत झालें आहे. गव्हाचीही कथा अशीच. राजस्थानच्या पाली जिल्ह्यांतील खारची गांवावरून नांव पडलेला खारचिया गहूं कर्नाळच्या संस्थेनें नव्या सोशीक वाणांचा पिता केला. आपल्या प्रांतांत दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमि संशोधन केंद्रानें पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ हे धानाचे वाण खाऱ्या जमिनीसाठींच दिले. मात्र साल्टोल मुख्यतः रोपावस्थेंत राखतो. फुलोऱ्याच्या वेळचें रक्षण निराळ्या गुणांवर अवलंबून आहे. एक जनुक म्हणजे सर्व रोगांवर एक मात्रा नव्हे.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. पुणें जिल्ह्यांतील निरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला. दुष्काळानें होरपळलेल्या मुलखास तें जीवदान होतें, यांत संशय नाहीं. काळी, खोल, चिकण जमीन. तीवर बारमाही उंसाचें पाणी. आणि पाणी बाहेर जाण्यास वाट नाहीं. पाणी दिलें जाई तें पिकाच्या गरजेनें नव्हे तर मिळेल तितकें. जमिनीखालचें पाणी वर वर चढूं लागलें. आपल्याबरोबर त्यानें खोलवर निजलेले क्षार उठवून आणले. पाणी उन्हानें उडून गेलें आणि क्षार मागें राहिले. पंचवीस वर्षांच्या आंत ही स्थिति आली कीं, पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरोल्ड मॅन व त्यांचे सहकारी तम्हाणे यांस निरेच्या खोऱ्यांतील खाऱ्या जमिनींची तपासणी करून १९१० सालीं त्यांवर पुस्तिका लिहावी लागली. शंभराहून अधिक वर्षें हा धडा छापून पडलेला असतां, तोच प्रकार पुढें कृष्णा, वारणा व पंचगंगेच्या कांठीं सांगली-कोल्हापुरांत घडला. धडा शिकण्याचें काम पुस्तकानें होत नाहीं, हेंच खरें.

तेथील उपायही तितकाच बोधप्रद आहे. जमिनीखालीं छिद्रांच्या नळ्या पुरून खारें पाणी वाहून नेणें, हा निचऱ्याचा उपाय सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्रानें अभ्यासिला आहे. आणि शिरोळ तालुक्यांत श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकारानें शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन तो मोठ्या प्रमाणावर अमलांत आणला. एकत्र येऊन, या शब्दांवर आमचा भर आहे. एकाच्या शेतांतील नळी दुसऱ्याच्या शेतांतून गेल्यावांचून नाल्यास मिळत नाहीं. शेजाऱ्यानें आपली बांधाची भांडणें पुढें करून वाट अडविली, तर दोघांचीही जमीन पांढरी पडते. जातीचा, पक्षाचा वा भाऊबंदकीचा अभिमान मीठ ओळखत नाहीं. तें बांधाच्या दोन्ही बाजूंस सारखेंच चढतें.

तिसरें ठिकाण आपल्या विदर्भांतलेंच. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला खारपाणपट्टा. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, बाळापूर हीं गांवें त्याच्या परिसरांतलीं. येथें जमीन काळी व अतिशय चिकण. तिच्या खालच्या थरांत सोडियमचें प्रमाण अधिक. आणि विहिरीचें पाणी बहुतेक ठिकाणीं खारें. अशा जमिनींत सोडियम मातीचे कण सुटे करून टाकतो, तिचीं छिद्रें बुजतात, पाणी मुरत नाहीं व हवा खेळत नाहीं. तिला चोपण म्हणतात, आणि नुसत्या पाण्यानें धुऊन ती सुधारत नाहीं. तेथें जिप्सम घालून सोडियमच्या जागीं कॅल्शियम बसवावा लागतो, ढेंचासारखें सोशीक हिरवळीचें खत गाडावें लागतें, आणि मग निचरा करावा लागतो. विहिरीचें पाणी दिलें तर पीक सुधारण्याऐवजीं जमीन बिघडते, हें तेथील शेतकऱ्याचें दुःख. म्हणून तो पावसावरच कापूस, तूर, ज्वारी व हरभरा घेत आला. आणि अलीकडे पावसाचें गोडें पाणी शेततळ्यांत साठवून एखाद-दुसरी पाळी देण्याकडे वळला आहे. कापूस व ज्वारी हीं मास-हॉफमनच्या कोष्टकांत वरच्या पायरीवर आहेत, हें आठवावें. ज्यास आपण अडाणी म्हणतों त्यानें पिकांची निवड कोष्टक न पाहतांच बरोबर केली होती.

या सर्व विवेचनांतून निष्पन्न काय होतें? आपल्या समाजांत दोन भ्रम सारख्याच जोरानें चालतात. एक जुना आणि एक नवा. जुना भ्रम असा कीं, जमीन पांढरी पडली म्हणजे ती दैवानें बाटली. कोणाचा तरी शाप लागला. आतां तीवर उतारा टाकावा नाहीं तर ती सोडून द्यावी. नवा भ्रम असा कीं, शास्त्र उद्यां असें बीं काढील कीं तें समुद्राच्या पाण्यावर पोसेल. मग आम्हीं पाणी कसेंही सोडावें, नाले बुजवावे, बांध फुटूं द्यावे, आम्हांस चिंता नको. पहिला भ्रम माणसास हात जोडून बसवितो, दुसरा हातावर हात ठेवून बसवितो. बसणें दोहोंतही आहे. खरी गोष्ट अशी कीं, बियाचा सोशीकपणा हा संकटांत वेळ मिळवून देतो; रोग बरा होतो तो निचऱ्यानें, बांधानें आणि पाण्याच्या काटकसरीनें. ज्यास वेळ मिळाला त्यानें तो कामास लावला नाहीं, तर बियाचा दोष नव्हे.

बांधाचा इतिहास याची साक्ष देतो. कोंकणांतील खारबांध गांवकीच्या श्रमानें राखले जात; ती व्यवस्था ढिली पडली तेव्हां मुंबई प्रांतांत १९४८ सालीं व पुढें महाराष्ट्रांत १९७९ सालीं खारजमिनींचे कायदे करून सरकारास त्यांत हात घालावा लागला. तरीही जेथें खेकड्यांचीं बिळें वेळींच बुजविलीं जात नाहींत तेथें एका उधाणांत शेत पुन्हां खाडी होतें. आपल्याकडच्या मालगुजारी तलावांची गोष्ट याहून निराळी आहे काय? कोहळी समाजानें ज्यांच्या पाळी बांधण्यांत पिढ्या घातल्या ते तलाव, मालगुजारी पद्धत १९५० च्या कायद्यानें गेल्यावर सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हें योग्यच झालें. परंतु तिच्याबरोबर गाळ काढण्याची व पाळ राखण्याची सामाईक जबाबदारीही पुष्कळ ठिकाणीं गेली, हें योग्य झालें नाहीं. मालक बदलला म्हणजे काम संपत नाहीं.

आतां आमच्या व्यापारी वाचकांशीं दोन शब्द स्पष्टपणें बोलतों. बाजाराची दृष्टि पांढऱ्या, बारीक व अखंड दाण्यावर खिळलेली आहे. तांबड्या, जाड्या तांदळास भाव कमी, म्हणून त्याची पेर कमी. पेर कमी म्हणून बीं दुर्मिळ. आणि एकदां घरचें बीं गेलें कीं तें त्या घरास परत येत नाहीं. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढींत असे वाण थंड कोठारांत जतन करितात, हें चांगलेंच आहे. पण कोठारांतलें बीं निजलेलें असतें, तें बदलत्या हवेशीं झगडून नवें कांहीं शिकत नाहीं. शेतांत जगलें तरच बीं शिकतें, आणि शेतांत तें जगावयाचें तर त्यास गिऱ्हाईक पाहिजे. आपल्या झाडीपट्टींतही लुचई, हिरानखी, चिन्नोर हीं नांवें वडीलधाऱ्यांच्या तोंडीं आहेत. त्यांतील कोणत्या वाणांत कोणता गुण दडला आहे, कोणता उन्हास सोसतो, कोणता साचलेल्या पाण्यास, याची परीक्षा होण्यापूर्वींच ते नाहींसे झाले तर ती हानि कोणत्या वहींत लिहावी? राताही एके काळीं गरिबाचा जाडा तांदूळच होता. आज सोशीक वाण शोधणारे त्याच्या दारीं जातात. आम्हीं व्यापाऱ्यास धर्मादाय करण्यास सांगत नाहीं. सर्व धान एकाच ढिगांत ओतून एकाच भावानें न तोलतां, जुन्या वाणाचा माल त्याच्या नांवानें वेगळा ठेवावा, त्याच्या नांवानें विकावा, आणि गिऱ्हाईक जो जास्त पैसा देईल त्यांतील रास्त वांटा पिकविणाऱ्यास द्यावा, एवढेंच मागतों. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें पारंपरिक वाणाची नोंद आपल्या नांवें करण्याचा अधिकार शेतकऱ्यास दिला आहे. ती अर्जाची खटपट करून देण्यास लिहितां-वाचतां येणाऱ्या माणसास कितीसा वेळ लागेल?

दुसरें काम सुशिक्षितांचें. २०१५ पासून शेतकऱ्यांस मृदा आरोग्य पत्रिका मिळूं लागल्या. त्या पत्रिकेंत आम्लविम्लतेचा आणि क्षारांचा असे दोन आंकडे असतात. पहिला साडेआठाच्या वर गेला तर चोपणाची शंका घ्यावी. दुसऱ्यापुढें प्रयोगशाळेनें दिलेला शेरा पाहावा आणि दरवेळीं मागल्या पत्रिकेशीं ताडून वाढ आहे कीं घट हें बघावें. किती घरांत ही पत्रिका देव्हाऱ्यामागें वा पत्र्याच्या पेटींत निजून आहे! देवरींत जो शिक्षक, जो कारकून, जो दुकानदार ती वाचूं शकतो, त्यानें आपल्या शेजारच्या शेतकऱ्यास ती एकदां वाचून दाखवावी. आणि उन्हाळी धानास विंधनविहिरीचें पाणी देणारानें जमिनीबरोबर पाण्याचीही तपासणी करून घ्यावी. येथें आज धोका थोडा आहे, म्हणूनच आज खर्चही थोडा आहे. निरेच्या शेतकऱ्यास ही परीक्षा जमीन पांढरी पडल्यावर करावी लागली.

खाल्ल्या मिठास जागावें, असें आपण म्हणतों. धानाचें एक उंच, तांबड्या दाण्याचें ताट खाऱ्या चिखलांत उभें राहून, जुनीं पानें गमावून, आपली शक्ति पहाऱ्यावर खर्चून जो दाणा भरतें, तो कोणाच्या तरी पानांत पडतो. त्या ताटास जितकें करतां येतें तितकें तें करतें. बांध राखणें, नाला मोकळा ठेवणें, बीं जगविणें आणि त्याचा रास्त भाव देणें, हीं त्यास करतां येत नाहींत. तीं आपलीं कामें आहेत. यंदाचा धानाचा हंगाम बाजारांत उतरेल तेव्हां देवरीचे व्यापारी तांबड्या-जाड्या वाणाची एक जरी वेगळी रास मांडतील, तर या लेखाचें सार्थक झालें असें आम्हीं समजूं.